मैदान रिकामे का राहते? लहान क्लबच्या समर्थकांविषयी एक उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपला फुटबॉल क्लब जिल्ह्याच्या लीगमध्ये अकरा वर्षे खेळतो आहे. समाजमाध्यमांवर त्याला चार हजारांहून अधिक लोक मानतात, विजयाच्या छायाचित्राखाली अभिनंदनाची रांग लागते, पण घरच्या मैदानावर मात्र सत्तर-ऐंशी माणसेच उभी असतात. लोकांत निष्ठाच उरलेली नाही का, बाहेरचे खेळाडू आणून जिंकायला लागलो तर गर्दी होईल का, आणि प्रवेश मोफत ठेवावा की तिकीट लावावे, असे आपण विचारता. जाता जाता आपण आणखी एक वाक्य लिहिले आहे: क्लबच्या स्थापनेत पुढे असलेले आपले वडीलही गेली तीन वर्षे सामन्याला येत नाहीत. माझ्या मते आपल्या पत्रातले ते सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे.

मी कोल्हापुरात वाढलो, तालमीच्या संघाकडून काही वर्षे खेळलो, आणि खेळणे थांबल्यानंतर गेली बावीस वर्षे, आधी कोल्हापुरात व नंतर पुण्यात, सामन्यांच्या आयोजनाची कामे करतो आहे. फाटकावर तिकिटे फाडणे, गॅलरीत माणसे बसवणे, समर्थकांचे गट जुळवणे आणि हंगाम संपल्यावर वर्गणीचा हिशेब लावणे हे माझे काम. या अनुभवावरून सांगतो की निष्ठा आणि उपस्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण दुसरीच्या अभावावरून पहिलीचा अभाव ठरवत आहात. आपुलकी मनात असते. मैदानावर येणे ही सवय असते. सवय लागण्यासाठी ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, पोहोचण्याजोगे ठिकाण आणि शेजारी उभे राहणारे ओळखीचे माणूस या चार गोष्टी लागतात. यांतली एक नसली तर काही माणसे गळतात. दोन नसल्या तर आपुलकी असूनही मैदान रिकामे राहते.

आपले मैदान मी पाहिलेले नाही, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच मान्य करतो. मैदान वस्तीत आहे की गावाबाहेर, क्लब एका भागाचा आहे की साऱ्या शहराचा, सामने आपण ठरवता की जिल्हा संघटना ठरवते, यांवर माझ्या सल्ल्यातला कोणता भाग आपल्याला लागू पडेल हे ठरेल. विशेषतः वेळापत्रक आपल्या हातात नसेल तर पुढे सांगतो त्यातले बरेचसे आपल्याला संघटनेकडून मागून घ्यावे लागेल.

कोल्हापूरचे उदाहरण देतो, कारण ते मला आतून माहीत आहे आणि त्याविषयी बाहेर बराच गैरसमज आहे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे महाराष्ट्रात फुटबॉल पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. यांतील एकही संघ देशाच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळत नाही. तरीही छत्रपती शाहू स्टेडियमवर यांपैकी दोघांचा अंतिम सामना असला की दुपारपासून गॅलऱ्या भरू लागतात आणि उशिरा येणाऱ्याला उभे राहायलाही जागा मिळत नाही. कोल्हापूरकरांना फुटबॉलचे वेड आहे, असे म्हणून लोक हा विषय संपवतात. ते खरे आहे, पण त्यातून आपल्यासारख्याला शिकण्याजोगे काही मिळत नाही. ते वेड टिकते कशावर, हे पाहिले पाहिजे.

ते टिकते तालमीवर. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात त्याला मिळालेल्या आश्रयातून कोल्हापूरच्या पेठापेठांत तालमींचे जाळे घट्ट झाले. पुढे १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली, फुटबॉलला शिस्तबद्ध स्पर्धांचे रूप मिळाले आणि तालमींचे संघ तिच्या छत्राखाली खेळू लागले. पण तालीम ही केवळ संघाची नोंदणी करणारी संस्था कधीच नव्हती. गणपती तिथे बसतो, मोहरमचे पंजेही अनेक तालमींत बसतात, शिवजयंतीची तयारी तिथेच होते, कुणाच्या घरी मयत झाली तर धावणारी माणसे तिथूनच निघतात. फुटबॉलचा संघ हे या वर्षभर चालणाऱ्या जगण्याचे एक अंग आहे. म्हणून सामन्याच्या दिवशी पेठेतल्या माणसाला ‘आज जायचे का?’ असा प्रश्न पडत नाही. तो ज्यांच्याबरोबर रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसतो तीच मंडळी उठून स्टेडियमकडे निघालेली असतात. मागे एकट्याने बसून राहणे त्याला जड जाते.

यात आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. मैदानावर खेळणारा मुलगा प्रेक्षकाच्या गल्लीतला असतो. त्याच्या आईला, त्याच्या शाळेतल्या मास्तरांना, तो ज्या दुकानात चहा पितो त्या दुकानदाराला गॅलरीतले निम्मे लोक ओळखतात. त्याने गोल चुकवला तर शिव्या बसतात, पण त्या घरच्या माणसाला बसतात तशा बसतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याशी बोलणे सुरू राहते. गेल्या काही वर्षांत तालमींनी परप्रांतांतून आणि आफ्रिकेतूनही खेळाडू आणले. त्याने खेळाचा दर्जा वाढला हे मी नाकारत नाही, आणि त्यांतल्या काहींना पेठेने आपले मानले हेही मी पाहिले आहे. पण ज्या संघात गावचे खेळाडू दोन-तीनच उरले, तिथे पराभवानंतर गॅलरी लवकर ओस पडते, असे माझे निरीक्षण आहे. आपल्या बाहेरच्या खेळाडूंच्या प्रश्नाचे उत्तर यात आले. जागा रिकामी असेल आणि गावात त्या जागेचा खेळाडू नसेल, तर एखादा अवश्य आणा. त्याला गावात राहायला खोली द्या, मुलांना शिकवायला लावा, म्हणजे लोक त्याला ओळखतील. गर्दी जमवण्यासाठी म्हणून पाच खेळाडू आणू नका. त्या पाचांच्या येण्याने गावातल्या पाच घरांचा मैदानाशी असलेला संबंध तुटतो.

कोल्हापूरची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर माझे उत्तर अपुरे राहील. तीच पेठेची ईर्षा कधी कधी हाताबाहेर जाते. गॅलरीतून दगड आणि बाटल्या आल्या आहेत, सामने मध्येच थांबले आहेत, आणि आयोजकांना समर्थकांवर व संघांवर कारवाई करावी लागली आहे. अशा प्रत्येक घटनेनंतर मी फाटकावर एक गोष्ट पाहिली: तरुण पोरे पुढच्या सामन्याला परत येतात, लहान मुलाला खांद्यावर घेऊन येणारा बाप आणि मैत्रिणींबरोबर येणाऱ्या मुली मात्र परत येत नाहीत. हे नुकसान त्या दिवशीच्या गल्ल्यात दिसत नाही. दहा वर्षांनी दिसते, कारण खांद्यावरून सामना पाहिलेला मुलगाच पुढे गॅलरीतला माणूस होतो. आपल्याकडे आज सत्तर माणसे आहेत तेव्हाच ही काळजी घेणे सोपे आहे.

आता पुण्याकडे येतो. पुणे एफसी हा क्लब २००७ मध्ये स्थापन झाला, आय-लीग या तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च लीगच्या २०१२-१३ च्या हंगामात तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला, त्याची अकादमी चांगली होती. व्यवस्थेच्या दृष्टीने कोल्हापूरच्या कोणत्याही तालमीपेक्षा तो फार पुढे होता. सामने बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात होत. आज बालेवाडी शहराच्या अंगात आली आहे, पण तेव्हा हडपसरहून किंवा पेठांतून निघालेल्या माणसाला तिथे पोहोचणे आणि सामना संपल्यावर परतणे हाच एक कार्यक्रम होता. निष्ठावंत मंडळी होती, मी त्यांच्याबरोबर उभा राहिलो आहे, आणि त्यांच्या आवाजाला मी कधीही कमी लेखणार नाही. पण त्या मोठ्या स्टेडियममध्ये ती थोडी माणसे आणखी थोडी दिसत. रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध बसलेल्या नवख्या माणसाला आपण चुकीच्या ठिकाणी आलो आहोत असे वाटते, आणि तो दुसऱ्यांदा येत नाही. आपले सत्तर-ऐंशी जण मैदानाच्या चारही बाजूंना विखुरलेले असतील, तर पुढच्या सामन्यापासून त्यांना एकाच बाजूला, मधल्या रेषेजवळ उभे करा. याला एक पैसा लागत नाही आणि फरक त्याच दिवशी कळतो.

पुण्याने मला याहून कठीण एक गोष्ट शिकवली. २०१५ मध्ये पुणे एफसीचा मुख्य संघ थांबला. भारत एफसी २०१४-१५ चा एकच हंगाम आय-लीगमध्ये खेळला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ नंतर त्या लीगमध्ये राहिला नाही. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. म्हणजे पुण्यात २०१० साली वीस वर्षांचा असलेला मुलगा तिशीत येईपर्यंत त्याच्या डोळ्यांदेखत चार क्लब गेले होते. त्याच्या कपाटात चार रंगांचे शर्ट आहेत आणि त्यांतला एकही घालून जाण्यासारखा सामना नाही. अशा मुलाला निष्ठेविषयी विचारण्याचा हक्क कुणाला आहे? लोक क्लबशी निष्ठावान आहेत का, हे विचारण्याआधी क्लब लोकांशी निष्ठावान राहिला आहे का, हे विचारावे लागते. आपला क्लब अकरा वर्षे टिकून आहे, ही आपली फार मोठी पुंजी आहे, आणि ती आपण लोकांना पुरेशी सांगितलेली नाही असे मला वाटते.

इंग्लंडमधले विम्बल्डनचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. तिथल्या जुन्या क्लबला मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात हलवण्याची परवानगी २००२ मध्ये मिळाली, तेव्हा समर्थकांनी त्याच उन्हाळ्यात एएफसी विम्बल्डन नावाचा स्वतःचा क्लब काढला आणि तो अगदी खालच्या पायरीवरच्या लीगमधून खेळवायला सुरुवात केली. त्या पायरीवर शंभरेक प्रेक्षक म्हणजे नेहमीची बाब. यांच्या घरच्या सामन्यांना सरासरी तीन हजारांच्या आसपास माणसे येत. संघ खालच्या दर्जाचा आहे हे प्रत्येकाला माहीत होते. तरीही माणसे आली, कारण तो क्लब आता त्यांच्या मालकीचा होता आणि त्याला कुणी उचलून नेऊ शकणार नव्हते. २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये परतला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या परिसरात, प्लॉ लेनला, स्वतःच्या नव्या मैदानात गेला. बर्लिनच्या युनियन क्लबच्या समर्थकांनी तर २००८-०९ मध्ये आपले स्टेडियम स्वतः राबून दुरुस्त केले. दोन हजारांहून अधिक माणसांनी मिळून सुमारे १,४०,००० तास काम केले. ज्याने पायरीला सिमेंट लावले आहे तो त्या पायरीवर उभा राहायला येतोच. आपल्याकडे इतके मोठे काही नको. मैदानाची आखणी, जाळ्या बांधणे, पाण्याची पिंपे भरणे ही कामे आज आपण तिघे-चौघे करता असे आपण लिहिले आहे. ती वीस जणांत वाटा. त्या वीस जणांना त्या दिवशी घरी बसता येणार नाही.

आवाहनांविषयी एक शब्द, कारण आपण तशी चित्रफीत करण्याचा विचार करत आहात. जून २०१८ मध्ये मुंबईत अंधेरीला भारतीय संघाच्या सामन्याला केवळ २,५६९ प्रेक्षक होते, आणि तोही सामना भारताने पाच गोलांनी जिंकला होता. त्यानंतर भारताचा तेव्हाचा कर्णधार सुनील छेत्री याने हात जोडून लोकांना मैदानात यायला सांगितले, आणि तीनच दिवसांनी केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे संपली. भर पावसातला तो सामना पाहणाऱ्यांत मीही होतो आणि तो आवाज मला आजही आठवतो. त्या आवाहनाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण आवाहनाने माणूस एकदा येतो. दुसऱ्यांदा यायला त्याला पहिल्या वेळी काय मिळाले ते आठवावे लागते. म्हणून चित्रफीत कराच, मात्र मैदानावरची व्यवस्था सुधारल्यानंतर करा, आधी करू नका.

व्यवस्था म्हणजे काय, हे मी एका कटू अनुभवातून शिकलो. पुण्याजवळच्या एका क्लबला, त्याचे नाव घेत नाही, मी काही हंगाम मदत करत होतो. तिथली गर्दी हळूहळू कमी होत गेली आणि आम्ही सगळे संघाच्या कामगिरीला दोष देत बसलो. शेवटी मी एक वही घेतली आणि पूर्वी नेहमी येणाऱ्या, पण आता न येणाऱ्या पंचवीसेक माणसांच्या घरी किंवा दुकानी जाऊन एकच प्रश्न विचारला: शेवटचा सामना कोणता पाहिलात आणि त्या दिवशी काय झाले? ‘आता का येत नाही’ असे मी मुद्दाम विचारले नाही, कारण त्याला लोक ‘वेळ मिळत नाही’ असे सभ्य उत्तर देतात. शेवटच्या दिवसाबद्दल विचारले की खरी कारणे बाहेर येतात. संघ हरतो म्हणून येणे सोडले असे सांगणारे दोघेच निघाले. बहुतेकांनी सांगितले ते असे: चारचा सामना पाच वाजता सुरू झाला, आलो तर सामना पुढे ढकलल्याचे फाटकावर कळले, पत्नीला घेऊन आलो होतो, पण तिच्यासाठी स्वच्छतागृह नव्हते, ज्या मित्राबरोबर येत असे तो बदलीवर गेला. हे वाचून आमच्या माना खाली गेल्या, कारण यांतली मित्राची बदली सोडली तर प्रत्येक गोष्ट आमच्या हातात होती.

म्हणून माझा आग्रह सर्वांत आधी वेळेसाठी आहे. घरचे सामने शक्यतो एकाच वारी, एकाच वेळी ठेवा, आणि पाहुणा संघ आला नाही तरी त्या वेळी मैदानावर काहीतरी खेळले जाईल अशी सोय ठेवा. आपल्याच दोन चमूंचा सामना लावला तरी चालेल. फाटकापर्यंत येऊन परत गेलेला माणूस हा आपण गमावलेला सर्वांत महागडा माणूस असतो. वेळ निवडताना टीव्हीचाही विचार करा. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचे थेट प्रक्षेपण होत नाही. लहान क्लबांची मैदाने रिकामी पडू नयेत म्हणून हा नियम तिथे दशकानुदशके पाळला जातो. आपल्याला तसे संरक्षण नाही. हिवाळ्यात तिथला दुपारचा पहिला सामना आपल्याकडे संध्याकाळी सहाला सुरू होतो. आपला सामना चारला वेळेवर सुरू होऊन पावणेसहाला संपला, तर लिव्हरपूलचा किंवा आर्सेनलचा चाहता आपला सामना पाहून घरी टीव्हीसमोर बसू शकतो. त्याला ‘परक्या क्लबचा भक्त’ म्हणून हिणवू नका. ज्या मुलाला दूरच्या क्लबसाठी मध्यरात्री जागता येते, त्याला खेळाची ओढ आहे. आपल्याला त्या ओढीत फक्त एक दुपार मागायची आहे. तो अंगात लाल शर्ट घालून आला तरी त्याला पुढच्या रांगेत जागा द्या.

तिकिटाबाबत मतभेद आहेत, आणि माझे मत बदललेले आहे हे आधी सांगतो. पूर्वी मी मोफत प्रवेशाच्या बाजूचा होतो. आता लहानशी रक्कम घ्यावी असे मला वाटते: दहा-वीस रुपये, शाळकरी मुलांना काहीही नाही. त्यातून मिळणारा पैसा गौण आहे. ज्याच्याकडे तिकीट आहे त्याला आपण सामन्याला जाणार आहोत हे आदल्या दिवशीच ठाऊक असते, आणि मोफत सामना ऐनवेळी कोणत्याही कामासाठी सोडून देता येतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे हंगामाचा पास, ज्यावर माणसाचे नाव आणि क्रमांक हाताने लिहिलेला असेल. पास विकायला दुकानांवर ठेवू नका. खेळाडूंनी आपापल्या गल्लीत घरोघरी जाऊन द्यावा. पास देणारा मुलगाच रविवारी मैदानावर दिसला की घेणाऱ्याचे नाते लगेच जोडले जाते. मैदानाला कुंपण नसेल आणि तिकीट वसूल करण्यात भांडणे होणार असतील, तर मात्र तिकिटाचा नाद सोडून फक्त पास ठेवा आणि मध्यंतरात झोळी फिरवा. हंगामाच्या शेवटी त्या पैशाचा हिशेब फळ्यावर लिहून मैदानावर लावा, मग रक्कम कितीही लहान असो.

जिंकण्याविषयी आपण बरेच लिहिले आहे, मी थोडेच लिहितो. सलग विजयांनी गर्दी वाढते, हे खरे आहे. पण लीगमध्ये प्रत्येक विजयामागे कुणाचा तरी पराभव असतो, त्यामुळे केवळ विजयावर उभी केलेली गर्दी दर दोन-तीन वर्षांनी नव्याने जमवावी लागते. मुलांच्या बाबतीत मात्र मेहनत फुकट जात नाही. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत आसपासच्या दोन शाळांच्या लहान मुलांना अर्ध्या मैदानावर खेळू द्या. प्रत्येक मुलामागे किमान एक मोठे माणूस येते, आणि आपले पोर त्याच गवतावर खेळले की त्या माणसाचा उरलेल्या पंचेचाळीस मिनिटांकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलतो. प्रवेशद्वारावर बायकांना संकोच वाटू नये इतकी मोकळी वाट, सावलीत एक बाजू आणि कुलूप नसलेले स्वच्छ स्वच्छतागृह, एवढे केले तर येणाऱ्यांची संख्या हंगामाच्या उत्तरार्धात आपल्याला जाणवेल. लगेच जाणवणार नाही. आम्हालाही पहिले पाच-सहा सामने काहीच फरक दिसला नव्हता आणि आम्ही नाउमेद झालो होतो.

आता आपल्या वडिलांविषयी. ते खेळाला कंटाळले असतील असे आपण गृहीत धरले आहे. माझे एक काका चाळीस वर्षे एकही सामना न चुकवता अचानक यायचे थांबले, तेव्हा आम्हीही तेच गृहीत धरले होते. वहीची फेरी काढली तेव्हा मी त्यांना सर्वांत शेवटी विचारले. त्यांनी बराच वेळ उत्तर टाळले, आणि मग सांगितले की गुडघ्यामुळे त्यांना नव्वद मिनिटे उभे राहवत नाही, आणि सगळी जुनी मंडळी उभी असताना आपण एकट्याने घरून खुर्ची नेणे त्यांना बरे वाटत नाही. पुढच्या रविवारी आम्ही मधल्या रेषेजवळ भिंतीलगत दोन बाकडी ठेवली आणि कुणालाच काही बोललो नाही. काका आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्याच वयाचे आणखी चौघे आले, ज्यांच्या न येण्याचे कारण आम्ही कधी विचारलेही नव्हते. आपण वही घ्याल तेव्हा पहिले नाव वडिलांचे लिहा, आणि शेवटच्या सामन्याच्या दिवशी काय झाले तेच त्यांना विचारा.